वसूचा सोमवार

११ जानेवारी २०१२, बुधवार

गाठच निघाली.

मोठ्या आतड्यात, डाव्या बाजूला. रिपोर्ट माझ्या हातात होता आणि वसू शेजारी बसून पदराचं टोक पिळत होती. गेले काही महिने तिला संडासवाटे रक्त पडत होतं. ती म्हणायची मूळव्याध, मीही म्हणालो मूळव्याध. दोघांनी मिळून घरच्या घरी डॉक्टरकी केली — इसबगोल, ताक, सुरणाची भाजी. कळंबोलीत सुरण मिळाला नाही की मी पनवेलच्या बाजारात जाऊन आणायचो आणि स्वतःला मोठा काळजीवाहू नवरा समजायचो.

सर्जन डॉ. टिपणीस. पनवेलचेच. मोजकं बोलतात. "वेळेत आलात. बाहेर पसरलेली दिसत नाही. तेवढा तुकडा काढायचा, दोन्ही टोकं जोडायची. जोड धरला आणि इन्फेक्शन झालं नाही, की वहिनी ठणठणीत."

म्हणजे सगळं त्या दोन गोष्टींवर. जोड धरला पाहिजे, इन्फेक्शन होता कामा नये.

रिक्षात बसल्यावर वसूचा पहिला प्रश्न — "तुम्ही दुपारची शुगरची गोळी घेतलीत का?"

हिला कॅन्सर आणि ही माझ्या शुगरचं विचारते! डोकं सटकलं. ओरडलो तिच्यावर. महादेव रिक्षा चालवत होता, त्याच्यासमोर ओरडलो. तो रोडपाली गावातला, आमचा नेहमीचा. त्याने आरशात बघून न बघितल्यासारखं केलं. जिना चढताना तिनेच माझा हात धरला.

१५ जानेवारी, रविवार

संक्रांत. डॉक्टरांनी आजपासून चोथा बंद केलाय — सालं, बिया, पालेभाजी, डाळीची टरफलं काही नको. तीळ तर मुळीच नको. आतडं जितकं रिकामं तितकं बरं म्हणे.

तरी वसूने लाडू केलेच. "घरात संक्रांतीला तीळ भाजायचा वास नको?" ताटभर वळले, एकही तोंडात टाकला नाही. मी विचारलं, गोडाचं प्रमाण कसं कळलं? "हाताला कळतं." मला मात्र एकच लाडू दिला, तोही अर्धा करून. शुगर.

समोरच्या पद्मजाताईंचं हळदीकुंकवाचं बोलावणं आलं. गेली नाही. म्हणाली, सगळ्याजणी विचारणार गाठ कुठे आहे. मी म्हटलं, पोटात म्हणून सांग. "पोटात म्हटलं की त्या गर्भाशय समजतात. मग आपल्या ओळखीतल्या कुणाकुणाचं काढलं ते सांगत बसतात." मग सांगून टाक आतडं म्हणून. "छे! काहीतरीच काय."

गर्भाशय चालतं, आतडं चालत नाही! बायकांचं काही कळत नाही मला.

पण नंतर भांडी लावता लावता हळूच म्हणाली, "पिशवी लावावी लागली तर?" डॉक्टर बोलले होते — जोड करता आला नाही तर आतड्याचं तोंड पोटावर काढतात आणि तिथे पिशवी लावतात. काही महिन्यांसाठी किंवा कायमची. तेव्हापासून तिच्या डोक्यात तेच आहे. "पिशवी घेऊन मी देवापुढे कशी बसू? स्वयंपाक कसा करू?" मी म्हटलं, स्वयंपाक मी करीन. ती म्हणाली, "मग आपण दोघंही उपाशीच."

हसलो दोघं. हसलो ते बरं झालं, नाहीतर मी रडलो असतो.

१७ जानेवारी, मंगळवार

सेकंड शिफ्ट. प्लँटवर कुणाला सांगितलं नाही. रजेच्या अर्जावर 'घरगुती काम' लिहिलं. आतडं हा शब्द मलाही लिहवला नाही.

२० जानेवारी, शुक्रवार

ऑपरेशन मंगळवारी. आज तयारी समजावून सांगितली.

टिपणीस म्हणाले, "आतडं म्हणजे जंतूंचं घर. ते तिथे राहतात तोवर काही बिघडत नाही. कापताना पोटात सांडले तर मात्र इन्फेक्शन. म्हणून आदल्या दिवशी जुलाबाचं औषध देऊन आतडं धुवायचं आणि जंतू मारायच्या गोळ्या पोटातून द्यायच्या. दोन्ही मिळून." मग स्वतःच म्हणाले, "हल्ली काही सर्जन्सनी हे धुणं सोडलंय. त्यांचं म्हणणं फार फरक पडत नाही. मी सोडलेलं नाही."

मलाही नाही सोडवणार. तळोज्याला इतकी वर्षं रंगाच्या कारखान्यात काढली, दुसरं काय केलं मी? एक बॅच संपली की दुसरी घेण्याआधी व्हेसल, म्हणजे रंग ढवळायची टाकी, धुवायची. पाणी सोडा, ढवळा, काढा, पुन्हा सोडा — खालच्या व्हॉल्व्हमधून निघणारं पाणी काचेच्या बाटलीत धरून उजेडात बघायचं. रंगाची छटा दिसली की पुन्हा. आणि माझ्या शिफ्टचा नियम सगळ्या प्लँटला माहीत आहे — व्हेसल क्लिअर झाल्याशिवाय कुणी डबा उघडायचा नाही. मीसुद्धा नाही. पोरं मागे शिव्या घालतात, पण माझ्या शिफ्टची बॅच कधी परत आली नाही.

वॉर्डच्या सिस्टर सुरैय्या. पनवेलच्याच मोहल्ल्यातल्या. वसूला पहिल्याच भेटीत मावशी करून टाकलं. "मावशी, ही पावडर दोन लिटर पाण्यात. असे दोन जग. एक सकाळी, एक दुपारी. थोड्या थोड्या वेळाने एकेक ग्लास. चव बेकार आहे, सच सांगते. पण शेवटी पाणी कसं आलं पाहिजे? लघवीसारखं साफ. तोपर्यंत सोडायचं नाही."

वसू मान खाली घालून ऐकत होती. कान लाल.

बेड सोमवारी संध्याकाळी मिळेल. म्हणजे धुणं घरी करायचं. मी म्हटलं, काळजी नको सिस्टर, हे माझं रोजचं काम आहे.

२२ जानेवारी, रविवार

उद्या सोमवार. वसूचा उपासाचा दिवस. लग्न होऊन आली तेव्हापासून सोमवार धरते — बाळंतपणात नाही मोडला, टायफॉईडमध्ये नाही मोडला. उद्या मोडणार म्हणून कासावीस. औषध, गोळ्या, शहाळं, गाळलेलं सूप — हा काही उपास नव्हे. "नेमका ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मोडायचा का हो?"

मी देवाधर्माचा माणूस नाही. पण बोलून गेलो — "तुझा सोमवार मी धरतो."

ती बघतच राहिली. मग म्हणाली, असं चालतं म्हणे. घरातल्या दुसऱ्याने धरला तरी चालतो, तिची आई सांगायची. लगेच साबुदाणा भिजत घालायला निघाली. मी म्हटलं, साबुदाणा-बिबुदाणा काही नको. तू पाण्यावर राहणार, मीही पाण्यावर राहणार. तुझं पाणी साफ होईपर्यंत मी डबा उघडणार नाही.

"तुम्हाला झेपणार नाही. शुगर आहे."

झेपेल म्हटलं. मोठ्या रुबाबात म्हटलं.

सईचा पुण्याहून फोन. रजा मंगळवारपासून मिळाली, सकाळी थेट हॉस्पिटलमध्ये येते. आईशी बोलली, मग मला म्हणाली, "बाबा, तिला शिफ्टसारखं राबवू नका."

२३ जानेवारी, सोमवार

हॉस्पिटलमध्ये बसून लिहितोय. वसू आत पलंगावर आहे, सुरैय्या सिस्टर तिची नाडी बघतायत. दिवस कसा गेला ते लिहून ठेवतो.

सकाळी पहिला जग. वसूने पहिला घोट घेतला आणि चेहरा असा केला की मला हसू आलं. खारट आणि बुळबुळीत — मी चाखून बघितलं. लिंबू पिळलं, तरी तेच. ती नाक दाबून प्यायची आणि मी घड्याळाकडे बघून पुढचा ग्लास भरायचो. "अहो, बॅच लावल्यासारखं करू नका." थोड्या वेळाने पोटात गुरगुर सुरू झाली आणि मग जाणं-येणं. संडासाची कडी लागायची, उघडायची, लागायची. सिडकोने नेमकं आज दुपारचं पाणी बंद ठेवलेलं. मी साठवलेल्या पाण्याच्या बादल्या भरून दारात ठेवत होतो. ती आतून म्हणायची, "लांब जा बघू तुम्ही. दारात उभे राहू नका." तिला आवाजाची लाज. इतकी वर्षं एका छपराखाली राहून!

प्रत्येक वेळी मी विचारायचो, कसं आलं? "पिवळं." मग, "जरा कमी पिवळं." एकदा म्हटलं, मी बघतो. तर अशी काही बघितली माझ्याकडे की मी बादली घेऊन निघून गेलो.

पहिला जग संपला, दुसरा कालवला. दुपारच्या गोळ्या दिल्या. त्या घेतल्यावर तिला मळमळलं, पण उलटी नाही झाली. शहाळी आणायला मी खाली उतरलो. खरं तर जिन्यातच डोळ्यांपुढे अंधारी आली. सकाळी सवयीने शुगरची गोळी घेतलेली आणि पोटात फक्त पाणी — गाढवपणा माझा. महादेवच्या रिक्षात बसलो. त्याने वळून बघितलं. "साहेब, तुमच्या तोंडावर रगत नाय. आदी कायतरी खाऊन घ्या. तुमी पडलात तं वैनीला कोण बगणार?"

खरं होतं ते. कळंबोली सर्कलजवळ थांबलो आणि मिसळ खाल्ली. दोन प्लेट, पाव घेऊन. पहिले चार घास कसे गेले कळलंही नाही. मग चांगलं वाटलं आणि मग वाईट वाटलं. शहाळी घेतली. बिल्डिंगच्या खालच्या नळाला पाणी नव्हतं म्हणून शहाळ्याच्या पाण्यानेच चूळ भरली.

वर आलो तर वसू मोरीशेजारी स्टुलावर बसलेली. तोंड सुकलेलं, केस कपाळाला चिकटलेले. सांगणार होतो. पण ऑपरेशनच्या आदल्या दिवशी हिला सांगायचं की तुझा सोमवार मी मिसळ खाऊन मोडला? जीभ उचलली नाही.

शहाळ्याचं पाणी ग्लासात ओतताना माझा हात इतका कापत होता की निम्मं ओट्यावर सांडलं. उद्याच्या भीतीने कापत होता. सकाळपासून धीर धरला होता, तो तिला अशी बसलेली बघून सुटला. ती माझ्या हाताकडे बघत होती. "शुगर उतरलीय तुमची." नाही म्हटलं. "आरशात बघा जरा." नाही, ठीक आहे म्हटलं. "जरा पडा तरी. मी पिते माझी मी."

पडलो. पोटभर खाल्लेलं, त्यात दमलेला — डोळा लागला. उठवलं तिनेच. म्हणाली, "झालं. अगदी साफ. तुमच्या बाटलीतल्या पाण्यासारखं."

जग धुऊन ओट्यावर पालथा घातलेला. मी म्हटलं, इतक्यात? एकदा मला बघू दे.

"अहो," म्हणाली, "एवढा संसार केला. एवढं एक माझं माझ्यापाशी राहू द्या."

नाही बघितलं मग. तिने देवापुढे दिवा लावला. दिवेलागणीला अजून अवकाश होता, पण म्हणाली की शुगरच्या माणसाने उपास जरा लवकर सोडला तरी देव काही बोलत नाही. वरण-भात आणि बटाट्याची भाजी कधी करून ठेवली होती कोण जाणे. अशा अवस्थेत! पाट मांडला. समोर बसली, हनुवटीला हात लावून.

"सोडा माझा सोमवार."

पोट तुडुंब भरलेलं. तरी जेवलो. भात दोनदा घेतला. "अजून घ्या," म्हणत राहिली. आजच्या दिवसात पहिल्यांदा तिचा चेहरा सैल झाला होता.

इथे आल्यावर सुरैय्या सिस्टरांनी विचारलं, "मावशी, पाणी एकदम साफ ना? दोन्ही जग संपवले?" वसूने माझ्याकडे न बघता मान हलवली. मला वाटलं, लाजली.

२४ जानेवारी, मंगळवार

झालं! जोड झाला. पिशवी नाही!

टिपणीस बाहेर आले तेव्हा सईने माझा दंड इतका घट्ट धरला होता की वळ उठलेत. म्हणाले, गाठ पूर्ण निघाली, यकृत वगैरे स्वच्छ आहे. "तयारी थोडी कमी पडली होती. आत बरंच पातळ राहिलं होतं, कापताना थोडं सांडलं. धुऊन घेतलंय. बघू." पुढचं मी ऐकलंच नाही. पिशवी नाही एवढंच घेऊन वसूच्या उठण्याची वाट बघत बसलो.

शुद्धीवर आली तेव्हा हात पोटावर नेला. मी कानाशी म्हटलं, नाही लावली. डोळ्यांतून पाणी आलं तिच्या.

२६ जानेवारी, गुरुवार

बसवलं. दोन पावलं चालली. नळ्या दोन्हीकडे, मध्ये माझी बायको. सुरैय्या सिस्टर म्हणतात, "माशाल्ला, मावशी तर पळायला लागल्या."

चहा घेऊन आत गेलो तर मायलेकी खुसखुसत होत्या. वसू टाक्यांवर हात दाबून हसत होती. मला बघून दोघी गप्प. काय चाललंय? "काही नाही, बायकांचं." सईचे डोळे ओले. हसून असतील.

मग वसूने विचारलं, "आज काय जेवलात?"

२८ जानेवारी, शनिवार

डॉक्टर रोज विचारत होते, गॅस सुटला का? आज सुटला. म्हणजे आतडं जागं झालं. वसू उशीत तोंड खुपसून बसली आणि सिस्टरांनी वॉर्डभर जाहीर केलं. बायको पादली म्हणून पेढे वाटावेसे वाटणारा मी पहिलाच नवरा असेन.

महादेवला फोन करून सांगितलं. "बगा, आमी बोललो व्हतो ना, कायपन व्हायाचा नाय."

२९ जानेवारी, रविवार

ताप. संध्याकाळपासून थंडी वाजतेय. पोट फुगलंय, हात लावू देत नाही. टिपणीस रविवार असून आले.

३० जानेवारी, सोमवार

जोड सुटला. पोटात पू. पुन्हा आत नेलं.

या वेळी पिशवी. तिला अजून माहीत नाही. घशात नळी आहे, झोपवून ठेवलंय.

आज सोमवार. मी काही खाल्लं नाही, पाणीसुद्धा नाही. सई ओरडली, सुरैय्या सिस्टर ओरडल्या, "काका, तुम्हाला पण बेड देऊ का?" त्यांना काय सांगू! केमिकलचा माणूस मी. जंतू कुठून येतात, कशाने मरतात, मला कळतं. शंकराला माझ्या मिसळीशी काही देणंघेणं नाही, हेही कळतं. तरी आयसीयूच्या बाहेर बसून एकच गोष्ट डोक्यात — तिचा सोमवार मी मोडला. तिने एक गोष्ट माझ्यावर सोपवली आणि ती मी मोडली, वर पाटावर बसून सोडल्याचं नाटक केलं.

आज खरा धरलाय. उशिरा का होईना.

१ फेब्रुवारी, बुधवार

वसूचे हात गार. बोटांवर अजून लाडवांच्या पाकाचा चटका बसल्याची खूण आहे.

३ फेब्रुवारी, शुक्रवार

वसू गेली.

५ फेब्रुवारी, रविवार

अस्थी घेऊन आपट्याला नदीवर जाऊन आलो. पाताळगंगेला पाणी कमी, पण स्वच्छ, तळाचे गोटे दिसत होते. सई आणि मी. महादेवही आला होता, पाण्यात उतरायला माझा हात धरून. तळोज्याकडून वारा सुटला होता, कारखान्यांचा वास घरापर्यंत. वसू असती तर म्हणाली असती, "आला बघा तुमचा वास."

८ फेब्रुवारी, बुधवार

दोन कपांचा चहा केला. एक ओतून दिला.

११ फेब्रुवारी, शनिवार

एकटाच टिपणीसांकडे गेलो. भांडायला नाही. आमच्याकडे काही बिघडलं की कारण सापडेपर्यंत खणत जायचं असतं, ती सवय. का सुटला जोड?

ते म्हणाले, "खरं सांगू? नक्की कुणीच सांगू शकणार नाही. सगळी तयारी नीट झालेल्यांचाही कधी कधी सुटतो. रक्तपुरवठा, अशक्तपणा, बरंच काही असतं."

मी म्हटलं, तुम्ही म्हणाला होतात की तयारी कमी पडली.

"हो. आत बरंच मळकट पाणी होतं. अर्ध्यावर सोडल्यासारखं. त्याने धोका वाढतो. पण त्यामुळेच झालं असं मी लिहून देणार नाही, उदयसिंहराव. तुम्हीही तसं मनात धरू नका."

बाहेर सुरैय्या सिस्टर भेटल्या. डोळे पुसत म्हणाल्या, "मावशी बोलल्या साफ आहे. मी स्वतः बघायला पाहिजे होतं." मी म्हटलं, मीही नाही बघितलं. माझ्या तर घरात होती.

अर्ध्यावर कसं? दोन्ही जग संपले होते. दुसरा पालथा घातलेला मी डोळ्यांनी बघितला. तिने साफ म्हणून सांगितलं. वसू मला खोटं का सांगेल? पिशवीला इतकी घाबरणारी बाई! ती तर नाक दाबून तळाचा थेंबही प्यायली असती.

सईला यातलं काही सांगितलेलं नाही. आईचं जे झालं तेवढंच पुरे आहे तिला.

१५ फेब्रुवारी, बुधवार

तेरावं झालं. पद्मजाताईंनी सगळं पुढे होऊन केलं. लोक जेवले. मला घास उतरला नाही. सई बघत होती.

२० फेब्रुवारी, सोमवार

आज महाशिवरात्रही. सकाळपासून पाणी घेतलेलं नाही. सईने खिचडी समोर आणून ठेवली, मी ताटली सरकवली. ती रडायला लागली. म्हणाली —

"आईला काय वाटेल, बाबा? त्या दिवशी तुमचे हात कापताना बघितले आणि तिने अख्खा दुसरा जग मोरीत ओतून दिला. माझं साफ झाल्याशिवाय हा माणूस जेवायचा नाही म्हणाली, उपाशी पडेल कुठेतरी. हॉस्पिटलमध्ये हसत हसत सांगितलं मला. बाबांना कळू देऊ नकोस म्हणाली."

सईला वाटलं, हे ऐकून तरी मी खाईन. खाल्ली. सगळी. ती समोर बसून बघत होती.

मिसळ खाऊन आलोय — एवढंच सांगायचं होतं तिला.